१०० जागांचं मेडिकल कॉलेज, ४२० खाटांचं रुग्णालय: आर्किटेक्टची टीम कशी निवडावी?

विश्वस्त_समिती

नमस्कार मंडळी.

आमच्या ट्रस्टचं तालुक्याच्या गावी २२० खाटांचं रुग्णालय सुरू आहे, त्याला लागून १८ एकर मोकळी जागा आहे. १०० एमबीबीएस जागांच्या कॉलेजसाठी अर्ज करायचं ठरतंय. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या किमान निकषांप्रमाणे त्याला ४२० खाटा लागतात. पुढेमागे १५० जागा मागितल्या तर ६०५. बांधकाम समितीत सात जण आहेत. त्यांत डॉक्टर एकच, बाकी शेती-व्यापारातले आणि एक निवृत्त बँक मॅनेजर. इमारती सगळ्यांनी बांधल्यात, पण शाळा, मंगल कार्यालय, गोदाम अशा.

आतापर्यंत पाच आर्किटेक्ट भेटून गेले. तिघे म्हणाले, कन्सेप्ट फुकट करून देतो. एकाने थ्रीडी चित्रफीतही आणली. चित्रफितीत कारंजं फार सुंदर आहे, वॉर्ड कुठे आहेत ते मात्र विचारूनही कळलं नाही.

तर प्रश्न असे. सगळं काम एकाच फर्मला द्यावं की आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल, एसी-इलेक्ट्रिकलवाले वेगवेगळे नेमावेत? डिझाइनची स्पर्धा घ्यावी का? फी टक्क्यांत असावी की ठोक? आणि आमच्यासारख्यांनी फर्म पारखायची तर बघायचं काय? पुण्या-मुंबईची मोठी फर्म की जिल्ह्यातला ओळखीचा माणूस, यावर समितीत रोज वाजतंय.

टी_स्क्वेअर

कारंजं राहू द्या. आर्किटेक्ट निवडायच्या आधी ट्रस्टचा स्वतःचा कागद तयार करा. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळतात. मग प्रत्येक जण आपल्या मनातलं रुग्णालय काढून आणतो आणि पाच चित्रं शेजारी ठेवली तरी तुलना कशाशी करायची ते कळत नाही.

त्या कागदाची सुरुवात खाटांच्या वाटणीपासून करा. १०० जागांसाठी निकषांत ती अशी आहे: मेडिसिन १००, सर्जरी १००, बालरोग ५०, स्त्रीरोग-प्रसूती ५०, अस्थिरोग ४०, कान-नाक-घसा २०, नेत्र २०, त्वचा १०, मानसोपचार १०, आयसीयू २०. बेरीज बरोबर ४२०, वर एकही खाट शिल्लक नाही. म्हणजे डायलिसिस, ट्रॉमा, हृदयरोग, स्पेशल रूम असं जे काही तुम्हाला चालवायचं आहे, ते याच्या वर धरायचं. २० आयसीयू खाटा हाही निव्वळ तळ आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतून रेफर होऊन येणारे रुग्ण घेणार असाल तर ५०-६० धरा. आयसीयूच्या एका खाटेला साध्या वॉर्डातल्या खाटेच्या जवळपास दुप्पट जागा लागते, शिवाय वीज, गॅस आणि हवा या तिन्हींचा भार वाढतो. हे नंतर सुचलं तर अख्खा मजला पुन्हा काढावा लागतो.

ढोबळ हिशेबासाठी खाटेमागे ८० ते १०० चौ.मी. धरा. म्हणजे नुसतं रुग्णालयच ३४,००० ते ४२,००० चौ.मी. कॉलेज, वसतिगृहं, निवासस्थानं वेगळी. बांधकाम २०,००० चौ.मी.च्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते. ते काम कोणी करायचं आणि त्याचे पैसे फीमध्ये धरलेत की नाही, हेही याच कागदात लिहा.

आता खरा मुद्दा. साधं रुग्णालय उत्तम काढणाऱ्या फर्मला शिकवणारं रुग्णालय जमेलच असं नाही. सकाळच्या राउंडला एका खाटेभोवती प्राध्यापक, दोन-तीन रेसिडेंट, सिस्टर आणि १०-१२ विद्यार्थी उभे असतात. दोन खाटांमध्ये १.५ मीटर अंतर ठेवण्याचा जुना दंडक आहे. नर्सिंगला तो पुरतो, या घोळक्याला पुरत नाही. म्हणून खाटांच्या पायथ्याची मोकळी पट्टी किमान २.४ मीटर हवी, म्हणजे समोरच्या रांगेतला रुग्ण कोंडला जात नाही. ३० खाटांच्या वॉर्डाला लागून ३० जण बसतील अशी डेमॉन्स्ट्रेशन रूम हवी. रेसिडेंटांची ड्युटी रूम स्वतंत्र संडास-बाथरूमसह हवी. विद्यार्थ्यांच्या बॅगा-ॲप्रनना लॉकर हवेत, नाहीतर त्या नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर येतात. ओपीडीच्या खोलीत तीन तपासणी टेबलं आणि भोवती उभे राहायला जागा, हे कॉर्पोरेट रुग्णालयाच्या १० बाय १२ फुटांच्या कन्सल्टिंग रूममध्ये बसत नाही. स्किल लॅबला १५० जागांपर्यंत ६०० चौ.मी. लागते, म्हणजे १०० जागा असल्या तरी तेवढीच. ती 'दुसऱ्या टप्प्यात बघू' म्हणून ढकलू नका.

म्हणून फर्मच्या कामांची यादी बघताना खाटांचा आकडा शेवटी बघा. आधी विचारा, यातली किती रुग्णालयं शिकवणारी आहेत, किती पूर्ण होऊन चालू आहेत, आणि त्यांचा प्रोजेक्ट आर्किटेक्ट आज तुमच्याकडे आहे का? या तिसऱ्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरते. सादरीकरणाला येणारे पांढऱ्या केसांचे भागीदार आणि पुढची चार वर्षं ड्रॉइंग काढणारी मुलं ही वेगळी माणसं असतात. त्यामुळे पाच-सहा मुख्य माणसांची नावं, अनुभव आणि या कामाला महिन्याला किती दिवस देणार हे लेखी घ्या. आर्किटेक्टची काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी चालू आहे का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात. तेही करा.

एक फर्म की अनेक? एक प्रमुख आर्किटेक्ट, आणि त्याच्या करारातच हॉस्पिटल प्लॅनर, स्ट्रक्चरल, एसी-इलेक्ट्रिकल-प्लंबिंग, अग्निसुरक्षा, मेडिकल गॅस, उपकरण नियोजक हे सगळे नावानिशी. वेगवेगळे नेमलेत तर बीमला एसीच्या हवेचा डक्ट आडवा आल्यावर तिघांचं भांडण समितीसमोर येईल, आणि निवाडा बँक मॅनेजरांना करावा लागेल. दोन माणसं मात्र ट्रस्टने थेट स्वतःची नेमावीत, खर्च तपासणारा क्वांटिटी सर्व्हेअर आणि स्ट्रक्चरचा त्रयस्थ तपासनीस. ज्याचं काम तपासायचं त्याच्याच पगारावर तपासनीस नको.

मोठी फर्म की स्थानिक हा वाद दोघांना एकत्र घेऊन मिटतो. रुग्णालयाचं डिझाइन अनुभवी फर्मकडे, आणि यूडीसीपीआरप्रमाणे (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे) मंजुरी, मोजणी, साइटवरची रोजची हजेरी जिल्ह्यातल्या सहयोगी आर्किटेक्टकडे. फक्त कोणत्या ड्रॉइंगवर सही कोणाची, हे आधी ठरवा.

शाफ्टमधला_माणूस

टी_स्क्वेअर सरांनी मांडणीचं सांगितलं, मी भिंती-छताच्या आतलं सांगतो. रुग्णालयाच्या बांधकाम खर्चात सर्व्हिसेसचा (एसी, वीज, पाणी, गॅस) वाटा शाळा-ऑफिसपेक्षा खूप मोठा असतो, आणि निवड समिती त्यावर एकही प्रश्न विचारत नाही.

मुलाखतीत विचारायला एक सोपा प्रश्न देतो: 'ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) मजल्याची उंची किती धरलीत आणि का?' उत्तर नुसतं '३.६ मीटर' आलं तर पुढचा उमेदवार बोलवा. हिशेब असा. एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या ओटी निकषांत २० बाय २० फूट, १० फूट उंची, तासाला किमान २० वेळा हवा बदल आणि त्यातले ४ बदल ताज्या हवेचे. खोलीचं घनफळ साधारण ११३ घनमीटर. गुणिले २० म्हणजे तासाला सुमारे २,२६० घनमीटर, आपल्या बाजारातल्या भाषेत १,३०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) वर. एवढी हवा आणायला साधारण ६०० बाय २०० चा डक्ट लागतो, इन्सुलेशन धरून ३०० मिमी उंची. आता खालून वर मोजा. फॉल्स सीलिंगपर्यंत ३.० मीटर, हेपा प्लेनम (बारीक फिल्टरची पेटी) ०.४५, डक्ट ०.३, गॅस पाइप-स्प्रिंकलर-केबल ट्रेला ०.१, बीम ०.६५. बेरीज ४.५ मीटर. ३.६ मध्ये हे कोंबायचं तर बीमला भोकं पाडावी लागतात किंवा ओटीचं छत ८ फुटांवर येतं आणि दिव्याचा हात सर्जनच्या डोक्याला लागतो.

एएचयू (हवा गाळून, थंड करून डक्टमध्ये ढकलणारं यंत्र) कुठे बसणार हेही विचारा. ओटीच्या डोक्यावर सर्व्हिस फ्लोअर असेल तर उत्तम. फिल्टर बदलायला माणूस निर्जंतुक भागातून जाणार असेल तर तो फिल्टर बदललाच जाणार नाही. शाफ्टला (पाइप-डक्टच्या उभ्या पोकळीला) दार आहे का, आत माणूस उभा राहतो का, मजल्यामजल्याला उभं राहायला जाळी आहे का, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

पाणी: एनबीसीप्रमाणे (राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे) १०० च्या वर खाटा असलेल्या रुग्णालयाला खाटेमागे रोज ४५० लिटर. ४२० खाटांना १.८९ लाख लिटर, ६०५ ला २.७२ लाख. वसतिगृहं वेगळी, माणशी १३५. तालुक्याच्या नळयोजनेतून हे मिळणार का? नसेल तर बोअर, साठवण टाकी, आणि एसटीपीचं (सांडपाणी प्रकल्पाचं) शुद्ध केलेलं पाणी फ्लशला व कूलिंग टॉवरला फिरवायची दुहेरी पाइपलाइन पहिल्या दिवसापासून हवी. दुहेरी लाइन नंतर टाकता येत नाही, सगळ्या संडासांच्या टाइल्स फोडाव्या लागतात.

एमआरआयचा मॅग्नेट पाच टनांच्या आसपास असतो. तो ट्रकमधून खोलीपर्यंत कोणत्या वाटेने जाणार, वाटेतला स्लॅब पेलणार का, कोणती भिंत काढून आत घेणार आणि दहा वर्षांनी बदलताना तीच भिंत पुन्हा काढता येईल का? पाच गॉसची रेषा (मॅग्नेटच्या चुंबकक्षेत्राची सुरक्षा-हद्द) नकाशावर दाखवलेली हवी. लिफ्ट आणि गाड्यांचं पार्किंग मॅग्नेटला चिकटून नको, कारण हलतं लोखंड प्रतिमा बिघडवतं. हीलियम बाहेर सोडणारा क्वेंच पाइप थेट उघड्या हवेत गेला पाहिजे, वेटिंगच्या खिडकीजवळ नाही. रेडिओथेरपी आज नको असली तरी तळमजल्याच्या कडेला बंकरची जागा राखा. मुख्य झोताकडची काँक्रीट भिंत दोन-सव्वादोन मीटर जाड होते आणि एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नकाशा-मंजुरी बांधकामाआधी घ्यावी लागते. वरच्या मजल्यावर ही हौस भागत नाही.

अग्निसुरक्षेवर वेगळा अर्धा तास ठेवा. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागली आणि १० बाळं गेली. आयसीयूतला किंवा इन्क्युबेटरमधला रुग्ण जिन्याने उतरत नसतो. त्याला त्याच मजल्यावर, धूर न येणाऱ्या शेजारच्या कप्प्यात खाटेसकट ढकलता आलं पाहिजे. म्हणून उमेदवाराला विचारा: 'हा आयसीयू पेटला तर या १२ खाटा कुठे जातील?' कॉरिडॉर २.४ मीटर, जिना २ मीटर, बाहेर पडायच्या वाटेपर्यंत जास्तीत जास्त ३० मीटर, हे एनबीसीतले आकडे प्रत्येकाला पाठ असतात. आडव्या स्थलांतराचं उत्तर मात्र ज्याने खरोखर विचार केलाय तोच देतो. त्याच्याच जोडीला ऑक्सिजन. नाशिकला २१ एप्रिल २०२१ ला टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी, तिला पर्याय म्हणून सिलिंडरची मॅनिफोल्ड, दोन्हींची वेगवेगळी वाट, प्रत्येक विभागाच्या बाहेर हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह आणि दाब पडल्याचा भोंगा नर्सिंग स्टेशनवर. भोंगा प्लांटरूममध्ये वाजून उपयोग नाही, रात्री तिथे कोणी नसतं.

विश्वस्त_समिती

एवढं विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं, आभार. आता पैशांचं. समितीचा कल 'तांत्रिक ७०, फी ३०' असे गुण देऊन निवडण्याकडे आहे. हे ठीक आहे का? बँक मॅनेजर साहेब म्हणतात, सगळ्यात कमी फीवाला घ्या, ड्रॉइंग शेवटी ड्रॉइंगच.

मोजमाप_वही

मॅनेजर साहेबांना हा हिशेब दाखवा. आकडे निव्वळ उदाहरणाचे.

तीन फर्म. 'अ' ला तांत्रिक ८८ गुण, फी ६.२ कोटी. 'ब' ला ७९, फी ४.९ कोटी. 'क' ला ७१, फी ३.५ कोटी. सगळ्यात कमी फीला १०० गुण आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात, म्हणजे 'ब' ला ७१.४ आणि 'अ' ला ५६.५.

७०:३० धरलं तर अ ७८.५, ब ७६.७, क ७९.७. 'क' जिंकला.
८०:२० धरलं तर अ ८१.७, ब ७७.५, क ७६.८. 'अ' जिंकला, 'क' तळाला.

फर्म त्याच, गुण तेच. म्हणजे प्रमाण ठरवताना तुम्ही निकालच ठरवत असता. म्हणून ते लिफाफे उघडण्याच्या आधी, कागदावर, सर्वांच्या सह्यांनी ठरवा. सरकारी खरेदीच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतही सल्लागार निवडताना तांत्रिक भाग ८० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. तुमचा खाजगी ट्रस्ट त्या नियमांना बांधील नाही, पण ८०:२० विचारलं तर ऑडिटरला दाखवायला तो आधार आहे.

दुसरी गंमत बघा. किमान पात्रता ७५ गुण ठेवली तर 'क' चा फीचा लिफाफा उघडतच नाही. आता सर्वांत कमी फी 'ब' ची. ७०:३० ला अ आणि ब दोघेही ८५.३, फरक दुसऱ्या दशांशावरही जेमतेम. ८०:२० ला अ ८६.२, ब ८३.२. माझं मत: ७५ ची किमान पात्रता आणि ८०:२०. 'अ' आणि 'क' च्या फीमधला २.७ कोटींचा फरक डोळ्यात भरतो खरा, पण ४०,००० चौ.मी.च्या कामात दीड टक्का जादा काम निघालं तरी तो त्यातच बुडतो.

तांत्रिक १०० गुणांची वाटणी मी अशी करीन: चालू असलेली शिकवणारी रुग्णालयं २५, नावानिशी टीम २५, कार्यशाळा ३० (निवडक फर्मना तुमच्या डॉक्टर-मेट्रनसमोर बसवून वॉर्डाचा नकाशा काढायला लावायचा), काम करण्याची पद्धत व वेळापत्रक १०, जुन्या ग्राहकांकडची चौकशी १०. उलाढालीला गुण नकोत. तिची किमान अट ठेवा आणि सोडून द्या, नाहीतर मोठी फर्म नुसत्या आकाराने गुण खाते.

फी टक्क्यांत ठेवू नका. खर्च वाढला की सल्लागाराची फी वाढते, हा करारच उलटा आहे. चौरस मीटरवर ठोक फी ठेवा. क्षेत्रफळ १० टक्क्यांपेक्षा जास्त बदललं तरच फेरविचार. टप्पे असे: संकल्पना १०, विभागवार मांडणी व विभागप्रमुखांच्या सह्या १५, मंजुरीची ड्रॉइंग १५, बांधकामाची ड्रॉइंग व बीओक्यू (कामांची मापांसह यादी) ३०, टेंडर ५, बांधकाम काळ २०, पूर्णत्व व ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष बांधलं तसं दाखवणारी ड्रॉइंग) ५. शेवटचे पाच टक्के सोडू नका. ॲज-बिल्ट न देताच फर्म निघून जाते, आणि मग कोणता व्हॉल्व्ह कोणत्या भिंतीत आहे ते प्लंबर हातोड्याने शोधतो.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती 'हे आमच्या स्कोपमध्ये नव्हतं' यावरून. म्हणून टेंडरच्या कागदाला एक तक्ता जोडा. डाव्या बाजूला कामं: फायर एनओसी, पर्यावरण मंजुरी, एईआरबीचे नकाशे, ऑक्सिजन टाकीचा परवाना, मॉड्युलर ओटी, सीएसएसडी (निर्जंतुकीकरण विभाग), लाँड्री, स्वयंपाकघर, शवागार, एसटीपी-ईटीपी, जैववैद्यकीय कचऱ्याची खोली, नर्स कॉल, दिशादर्शक पाट्या, फर्निचर, लँडस्केप. उजवीकडे चार रकाने: प्रमुख आर्किटेक्ट, उपसल्लागार, पुरवठादार, ट्रस्ट. प्रत्येक ओळीत एक आणि एकच खूण. रिकामी ओळ राहिली की ते काम पुढे 'एक्स्ट्रा' म्हणून येणार हे पक्कं धरा.

करारात आणखी: मुख्य माणूस बदलायचा तर ट्रस्टच्या लेखी संमतीने आणि तितक्याच अनुभवाचा, व्यावसायिक दायित्व विमा, महिन्याला साइटभेटी किती व कोणाच्या, करार तुटला तर तोवरची ड्रॉइंग संपादन करता येणाऱ्या फाइलसकट ट्रस्टची, आणि ६०५ खाटांच्या टप्प्यात हेच डिझाइन वापरायचा हक्क. हा शेवटचा मुद्दा आज फुकट मिळतो, सात वर्षांनी मागाल तर त्याचं बिल येईल.

कोरी_पाटी

डिझाइनच्या स्पर्धेबद्दल अजून कोणीच बोललं नाही, ती अशी बाजूला टाकू नये. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची स्पर्धांसाठी नियमावली आहे, परीक्षकांत बहुसंख्य आर्किटेक्ट असावेत असं तीत आहे. नीट घेतली तर नव्या दमाच्या फर्मना दार उघडतं. फक्त 'शिकवणारी रुग्णालयं किती केली' यावर २५ गुण दिले तर तीच ती आठ-दहा नावं फिरत राहतात, आणि तीच ती आंधळ्या कॉरिडॉरची, दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागणारी रुग्णालयं उभी राहतात. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात चौक, खोल व्हरांडे, वाऱ्याची दिशा यांचा विचार अनुभवी फर्मकडून आपोआप होतो असं मुळीच नाही.

टी_स्क्वेअर

उजेड-वाऱ्याचं शंभर टक्के मान्य. वॉर्ड आणि ओपीडी शक्य तितके नैसर्गिक हवेवर, एसी फक्त जिथे लागतोच तिथे, ही अट ट्रस्टच्या कागदात पहिल्या पानावर हवी. मराठवाड्यात विजेचं बिल हेच डिझाइनचं खरं परीक्षण. पण स्पर्धेत एक अडचण आहे. चांगलं रुग्णालय विभागप्रमुखांशी भांडून-भांडून बनतं, आणि स्पर्धेच्या काळात फर्मला त्यांच्याशी बोलायलाच मिळत नाही. मग परीक्षकांपुढे दर्शनी भाग येतो.

त्यापेक्षा कार्यशाळा घ्या. छाननीतून तीनच फर्म निवडा. प्रत्येकीला मानधन द्या, फुकट नको. फुकट मागितलं की चांगल्या फर्म येत नाहीत आणि बाकीच्या कपाटातला जुना नकाशा झटकून आणतात. प्रत्येकीला वेगळ्या दिवशी तीन तास. समोर तुमचे डॉक्टर, मेट्रन, एक रेसिडेंट, मेंटेनन्सचा माणूस. प्रश्न सर्वांना तोच, आणि त्याच सकाळी द्यायचा: ३० खाटांचा सर्जरी वॉर्ड, त्याची डेमॉन्स्ट्रेशन रूम, ड्रेसिंग रूम, मळक्या कपड्यांची वाट. संगणक बंद, पिवळा ट्रेसिंग पेपर आणि पेन. जमिनीवर खडूने खऱ्या मापाच्या खाटा काढा, बारा जणांना भोवती उभं करा.

त्या तीन तासांत रेखाटनाची सफाई बघू नका. मेट्रन 'इथून शेवटची खाट दिसत नाही' म्हणाल्यावर तो नकाशा फिरवतो की समजावत बसतो, हे बघा. सोबत आलेला सर्व्हिसेसचा इंजिनियर तोंड उघडतो का, तेही. नव्या फर्मला संधी द्यायची कोरी_पाटींची इच्छा इथे भागते. अनुभवी हॉस्पिटल प्लॅनर जोडीला घेऊन आली असेल तर तीनमधली एक जागा तिला ठेवा.

रात्रपाळी

साइट बघायला जाल तेव्हा आर्किटेक्टला बरोबर नेऊ नका. तो प्रवेशद्वार, ॲट्रियम आणि एक स्वच्छ आयसीयू दाखवून चहाला नेतो. इमारत निदान तीन वर्षं वापरात असलेली निवडा. सकाळी अकराला ओपीडी बघा, आणि रात्री नऊनंतर पुन्हा एकदा जा.

कॉरिडॉरमध्ये काय साठलंय ते मोजा. स्ट्रेचर, सिलिंडर, मोडक्या खाटा, सलाइनचे खोके बाहेर असतील तर प्लॅनमध्ये स्टोअर दिलेलं नाही, किंवा दिलेलं स्टोअर कोणीतरी ऑफिस केलंय. खाटेमागे एक्स्टेन्शन बोर्ड लोंबतायत का? म्हणजे सॉकेट कमी पडले. छताच्या टाइलवर पिवळे डाग म्हणजे वर संडास आहे. दाराच्या चौकटीला ट्रॉलीने पडलेले खड्डे बघा, तिथे वळायला जागा नाही. १.२ मीटरच्या दारातून खाट जाते, पण व्हेंटिलेटर आणि दोन माणसांसकट जात नाही. आयसीयूला दीड मीटर हवं.

खाटांच्या लिफ्टमध्ये रुग्णाची खाट, सलाइन धरणारी सिस्टर, ऑक्सिजन सिलिंडर आणि वॉर्डबॉय एकत्र उभे राहतात का? २६ पॅसेंजरची, १,७६८ किलोची लिफ्ट यासाठीच घेतात. त्याच लिफ्टने जेवण, कचरा आणि मृतदेह जात असेल तर डिझाइन फसलं. मृतदेह वॉर्डातून शवागारापर्यंत कोणत्या वाटेने जातो ते चालत जाऊन बघा. ती वाट प्रसूती विभागाच्या वेटिंगमधून जाणारी रुग्णालयं आहेत.

नर्सिंग स्टेशनवर खुर्चीत बसा आणि किती रुग्णांचे चेहरे दिसतात ते मोजा. उभं राहून मोजू नका, रात्री तीनला सिस्टर बसून लिहीत असते. शेवटच्या खाटेपर्यंत पावलं मोजा. हात धुवायचं बेसिन खाटेपासून चार-पाच पावलांपेक्षा लांब असेल तर हात धुतले जात नाहीत, भिंतीवर कितीही पोस्टर लावा.

आणि नातेवाईक. आपल्याकडे एका रुग्णामागे दोन माणसं मुक्कामाला असतात, हे कुठल्याही निकषात नाही. ते कुठे झोपतात, डबा कुठे खातात, कपडे कुठे वाळत घालतात? जिन्यात आणि रॅम्पवर चादरी दिसल्या तर समजा, आर्किटेक्टने त्यांना माणसांत धरलंच नाही. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. तुमच्या कागदात खाटांइतकाच ठळक आकडा टाका: किमान ३०० नातेवाइकांची रात्रीची सोय, लॉकर, आंघोळ, गरम पाणी.

परतताना तिथल्या मेंटेनन्स इंजिनियरला एकट्याला गाठा आणि विचारा, पुन्हा बांधायचं झालं तर काय बदलाल? मेडिकल सुपरिटेंडंटपेक्षा त्याचं उत्तर कामाचं असतं.

विश्वस्त_समिती

रात्रपाळी सिस्टरांचा प्रतिसाद छापून समितीत वाटला. ८०:२० आणि किमान ७५ मंजूर झालं, मॅनेजर साहेबांनीच सूचना मांडली. एक शेवटचं. सध्याच्या २२० खाटांच्या इमारतीवर दोन मजले चढवावेत असा एक प्रस्ताव आहे. टीम निवडायच्या आधी हे ठरवावं का?

शाफ्टमधला_माणूस

ठरवू नका, पण तपासून ठेवा. आत्ताच त्रयस्थ स्ट्रक्चरल इंजिनियरकडून ऑडिट करून घ्या: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर, जमतील तितके जुने ड्रॉइंग. रुग्णालयाला आयएस १८९३ या भूकंप-संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत महत्त्व गुणांक १.५ आहे, म्हणजे भूकंपाचा जोर दीडपट धरायचा. जुनी इमारत साध्या इमारतीच्या हिशेबाने बांधली असेल तर वर मजले चढवणं विसरा. तो अहवाल तिन्ही फर्मना कार्यशाळेआधी द्या, म्हणजे कोणी हवेत मजले काढणार नाही.

मजले चढवता आले तरी खालचं रुग्णालय चालू असणार आहे, आणि खाटांचा ८० टक्के भरणा निकषांत आहे. वर स्लॅब फोडताना खाली आयसीयू चालवायचा म्हणजे धुळीतून बुरशीचा संसर्ग, आवाज, आणि महिन्याला चार वेळा पाणी-वीज बंद. त्यापेक्षा नवीन इमारत मोकळ्या जागेत, आणि जुनीचा वापर नंतर नर्सिंग स्कूल, प्रशासन, नातेवाइकांचं निवास यासाठी. मुलाखतीत प्रत्येक फर्मला टप्प्यांचा एक पानी तक्ता मागा. कोणत्या महिन्यात कोणता विभाग कुठे हलणार, तेव्हा खाटा किती चालू राहणार, आणि सबस्टेशन, पाण्याची टाकी, ऑक्सिजन हे पहिल्या टप्प्यात ६०५ खाटांच्या मापाने घेतलंय की ४२० च्या. पाइप आणि केबलचे खंदक ६०५ चे खणा. यंत्रं ४२० ची बसवा, पण शेजारी रिकामे पाये घालून ठेवा.